रायफलीवरील दुर्बीण : दोष व दुरुस्ती

पांढरकवडा परिसरात, विशेषतः टिपेश्वर अभयारण्यालगत, रानडुकरे व रोही कापूस आणि तूर यांची नासाडी करतात. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 अन्वये अधिकृत वनाधिकाऱ्याच्या लेखी परवानगीशिवाय त्यांस मारता येत नाही. परवानगी असली, तरी नेम चुकून जखमी झालेले रानडुक्कर तुरीत दडते व वेचणीस आलेल्या माणसांवर धावून येऊ शकते. यास्तव शस्त्र-परवानाधारकाने दुर्बीण आधी तपासावी.

प्रथम रायफल रिकामी असल्याची खात्री करावी. दुर्बीण हाताने हलवून पाहावी. हलत असल्यास बैठकीचे व कड्यांचे स्क्रू काढून तेथील तेल पुसावे आणि ते आलटूनपालटून, सारख्या जोराने आवळावेत. अति आवळल्यास नळी चेपते. आतील फुली सरळ उभी असावी. दुर्बीण डोळ्याच्या फार जवळ आल्यास धक्क्याने भुवई फुटते.

नंतर अधिकृत चांदमारीच्या जागी रायफलीस टेकू देऊन तीन गोळ्या झाडाव्यात. तिन्ही एकत्र, परंतु बाजूस लागल्यास दुर्बिणीची फिरकी फिरवून नेम जुळवावा. त्या विखुरल्यास फिरकीस हात न लावता स्क्रू पुन्हा पाहावेत. तरीही दोष राहिल्यास परवानाधारक कारागिराकडून दुरुस्ती करून घ्यावी; तोवर ती रायफल वापरू नये.