व्हिशाची सोडत आणि तिच्यावरील दावे

नवी मुंबईतील घरांना सोडत हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने बांधलेल्या घरांच्या सोडती तेथे वर्षानुवर्षे निघत आल्या आहेत, आणि यादीत नाव न आलेला अर्जदार बहुधा नशिबाला बोल लावून स्वस्थ बसतो. परंतु याच शहरात, ऐरोली आणि महापे येथील संगणक कंपन्यांतून काम करणाऱ्या तरुणांच्या घरी, दर मार्च महिन्यात दुसऱ्याच एका सोडतीकडे डोळे लागलेले असतात. ती निघते अमेरिकेत. एच-१बी व्हिशाची सोडत ती हीच. आणि तिच्यावर हरकत घेणारे मात्र स्वस्थ न बसता न्यायालयापर्यंत गेले आहेत.

या व्हिशाची व्यवस्था अमेरिकेच्या १९९० च्या कायद्याने झाली. वर्षाला ६५,००० ही तिची साधारण मर्यादा. २००४ च्या सुधारणेने अमेरिकेतील विद्यापीठाची उच्च पदवी घेतलेल्यांसाठी आणखी २०,००० जागा ठेवण्यात आल्या. अर्ज उमेदवार स्वतः करीत नाही. त्याला कामावर घेऊ इच्छिणारी कंपनी करते. ही गोष्ट ध्यानात ठेवलेली बरी, कारण पुढील पुष्कळसा गुंता तिच्यातूनच निर्माण झाला आहे.

मौज अशी की, या व्हिशासंबंधीच्या कायद्यात सोडतीचा उल्लेखच नाही. अर्ज ज्या क्रमाने दाखल होतील त्या क्रमाने व्हिसा द्यावेत, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे कायद्याला अभिप्रेत होती ती रांग. परंतु २००७ च्या एप्रिलात पहिल्या दोन दिवसांतच मर्यादेहून अधिक अर्जांचे गठ्ठे टपालाने येऊन पडले. कोणाचे पाकीट आधी उघडले गेले यावरून माणसांची भवितव्ये ठरवावीत काय? खात्याने चिठ्ठ्या टाकल्या. २०१३ पासून तर दरसाल सोडत काढण्याचाच प्रघात पडला.

यावर २०१६ साली ओरेगॉन राज्यातील संघीय न्यायालयात टेनरेक आणि वॉकर मेसी या दोन कंपन्यांनी व दोन परदेशी उमेदवारांनी दावा लावला. त्यांचे म्हणणे सरळ होते : प्रत्येक अर्जाला क्रमांक द्या, आणि यंदा ज्याची पाळी आली नाही त्याची जागा पुढील वर्षी कायम ठेवा. युक्तिवादात जोर होता. तथापि २०१७ साली न्यायालयाने खात्याच्या बाजूने निकाल दिला.

याच्या अगदी उलट प्रकार २०११ साली घडला. ग्रीन कार्डांच्या सोडतीत भारतीयांना भाग घेता येत नाही, कारण भारतातून अमेरिकेस जाणाऱ्यांची संख्या आधीच मोठी आहे. तेव्हा या प्रकरणाकडे आपल्याला त्रयस्थपणे पाहता येईल. या सोडतीचा कायदा निवड यदृच्छेनेच झाली पाहिजे असे सांगतो. त्या वर्षी सुमारे २२,००० लोकांना निवड झाल्याचे कळले आणि थोड्याच दिवसांत ती निवड रद्द झाली. संगणकाच्या आज्ञावलीत चूक होती. निवडलेल्यांपैकी सुमारे ९० टक्के लोक अर्ज भरण्याच्या महिन्यातील पहिल्या दोन दिवसांतले निघाले. ज्यांच्या तोंडचा घास गेला त्यांनी वॉशिंग्टनच्या न्यायालयात धाव घेतली आणि ते हरले. निकाल कडू होता, पण चुकीचा म्हणवत नाही; पहिल्या दोन दिवसांतल्यांनाच जी पावते तिला सोडत कसे म्हणावे?

एका ठिकाणी कायद्यात रांग असता खात्याने चिठ्ठ्या टाकल्या, आणि दुसऱ्या ठिकाणी चिठ्ठ्या असता यंत्राने रांग लावली!

चिठ्ठ्या काढण्याहून त्या टाकण्यात अन्यायाला अधिक वाव असतो. २०२० पासून एच-१बीसाठी संपूर्ण अर्जाऐवजी केवळ १० डॉलर भरून नोंदणी करण्याची सोय झाली, आणि एकाच माणसासाठी अनेक कंपन्या नावे नोंदवू लागल्या. २०२३ च्या वसंतात ७,५८,९९४ पात्र नोंदण्या झाल्या. त्यांतील ४,०८,८९१ अशा होत्या की, त्यांतल्या उमेदवाराच्या नावे एकाहून अधिक नोंदण्या होत्या. ज्याच्यासाठी एकच कंपनी उभी होती तो प्रामाणिक उमेदवार अर्थातच मागे पडला. पुढील वर्षी निवड पारपत्रागणिक, म्हणजे माणशी एकच चिठ्ठी, अशी केली आणि पात्र नोंदण्या ४,७०,३४२ वर आल्या. २०२५ च्या डिसेंबरात प्रसिद्ध झालेल्या नियमाने मात्र चिठ्ठ्यांची समानता पुन्हा मोडली : वेतनाच्या सर्वांत वरच्या पायरीस चार चिठ्ठ्या, सर्वांत खालच्या पायरीस एक. नुकताच पदवीधर झालेला तरुण बहुधा या शेवटच्या पायरीवरच उभा असतो.

आता दाव्यांच्या खर्चाविषयी. अमेरिकेच्या संघीय जिल्हा न्यायालयात दिवाणी दावा दाखल करण्याचे शुल्क ४०५ डॉलर आहे. खरा खर्च वकिलांचा. नुकसानभरपाईच्या दाव्यात तेथील वकील मिळेल त्या रकमेतील हिस्सा घेऊन काम करतात. पण सोडतीच्या दाव्यात मिळायचे काय, तर फार तर एक नवी चिठ्ठी. तिचा हिस्सा कसा पाडणार? म्हणून अशा दाव्यांमागे बहुधा संस्था उभ्या राहतात. सोडत नेमकी कशी काढतात याची कागदपत्रे मिळावीत म्हणून २०१६ साली अमेरिकन इमिग्रेशन कौन्सिल आणि स्थलांतर-वकिलांची संघटना यांनी दावा केला. २०२५ च्या सप्टेंबरात नव्या अर्जांवर १ लक्ष डॉलरांचा बोजा आला तेव्हा तेथील चेंबर ऑफ कॉमर्स न्यायालयात गेले. डिसेंबरात जिल्हा न्यायालयाचा निकाल सरकारच्या बाजूने लागला. १९८० च्या एका कायद्यान्वये सरकारची बाजू समर्थनीय नसेल तर जिंकणाऱ्यास त्याच्याकडून वकिलाचा खर्च मिळू शकतो. पण त्यासाठी आधी जिंकावे लागते.

दुसऱ्याच्या दाव्याला पैसा पुरवणे आपल्याकडे निषिद्ध नाही. इंग्लंडातील त्याविषयीचे कडक निर्बंध हिंदुस्थानास लागू नाहीत, असे प्रिव्ही कौन्सिलने १८७६ सालीच ठरविले. महाराष्ट्रात दिवाणी प्रक्रिया संहितेच्या २५ व्या आदेशातील दुरुस्तीने, दाव्यातील मिळकतीत हिस्सा घेऊन पैसा लावणाऱ्यास पक्षकार करून त्याच्याकडून खर्चाची हमी मागता येते. वकिलाने स्वतः मात्र दाव्यात पैसा घालू नये. इतर कोणी घातल्यास प्रतिबंध दिसत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली म्हटले.

ऐरोलीतील एखाद्या इंजिनियराकडे अशा दाव्यासाठी वर्गणी मागितली गेली, तर वादी कोण, पैसा कोणाच्या हाती राहणार आणि दावा हरल्यास उरलेल्या रकमेचे काय, हे त्याने आधी विचारून घ्यावे. अर्जदार कंपनी आहे, तो नव्हे. त्यामुळे वर्गणी दिल्याने तो पक्षकार होत नाही. शिवाय काळ कोणासाठी थांबत नाही. ओरेगॉनच्या दाव्याचा निकाल लागला तोवर २०१६ सालची सोडत केव्हाच निघून गेली होती.