गुरुवारचं भजन

सोनाळा हे बुलडाणा जिल्ह्याच्या संग्रामपूर तालुक्यातलं, सातपुड्याच्या पायथ्याचं गाव. संत सोनाजी महाराजांचं गाव म्हणून परिसरात ते ओळखलं जातं. इथं गुरुवारी रात्री, जेवणं आटोपली की, देवळाच्या सभामंडपात सतरंजी अंथरली जाते. शेगाव आमच्याच जिल्ह्यातलं, त्यामुळं गुरुवार हा गजानन महाराजांचा वार. त्या वाराचं भजन मंडळी सहसा चुकवत नाहीत. कापूस वेचणीच्या दिवसांत माणसं थोडी उशिरा येतात, एवढंच.

नोकरीची वर्षं बाहेर काढून मी गावी परतलो आणि एका गुरुवारी भजन ऐकायला म्हणून गेलो. भिंतीला टेकून बसलो. दोन अभंग झाले असतील-नसतील, तोच एका वृद्ध बुवांनी टाळांची जोडी माझ्यापुढं सरकवली. "मला येत नाही हो," मी म्हणालो.

"येत नाई म्हनूनच तं देतो. घे टाय!"

भजनाला श्रोता नसतो, हे मला त्या रात्री कळलं. मैफलीत गाणारा एका बाजूला आणि ऐकणारे दुसऱ्या बाजूला असतात. भजनात माणसं समोरासमोर दोन रांगांत बसतात. मध्ये मृदंग, पेटी आणि वीणेकरी. जो आला तो गाण्यातला. ज्याला काहीच येत नाही त्यानं टाळ धरायचे. टाळ दिसायला सोपे, पण ते नुसते आपटायचे नसतात. कुठं उघडा नाद सोडायचा आणि कुठं तो दाबायचा, हे शेजाऱ्याच्या हातांकडं पाहून उमगतं. मला त्याला तीन महिने लागले.

सुरुवात कणकेपासून होते. मृदंगाच्या डाव्या पुडीला ओली कणीक लावतात, तेव्हा त्यातून भरदार आवाज निघतो. कणीक वाळली की आवाज उतरतो, आणि भजन संपल्यावर ती खरवडून काढावी लागते. उजवी बाजू हातोडीनं ठोकून सुरात आणायची. पेटीवाला सूर ठरवतो तो सर्वांत उंच गळ्याकडं पाहून नव्हे, तर ज्याचा आवाज वर चढत नाही त्याच्याकडं पाहून. सूर चढवला तर अर्धी मंडळी गप्प बसतील, मग भजन कसलं?

आधी 'रामकृष्णहरी' मंत्राचा गजर, मग विठ्ठलाच्या रूपाचे अभंग. त्यानंतर ज्ञानोबा, नामदेव, तुकोबा, जनाबाई असे ज्याला जे सुचेल ते. रात्र चढू लागली की गवळण आणि शेवटी पसायदान. पुढं म्हणणारा चरण उचलतो, बाकीचे ध्रुवपद म्हणतात. मृदंगावर आठ मात्रांचा भजनी ठेका चालू असतो.

नवख्या माणसाला यात इतक्या लवकर कसं शिरता येतं? याचं उत्तर अभंगाच्या बांधणीत आहे. मोठ्या अभंगाच्या प्रत्येक चौकात साधारणपणे सहा, सहा, सहा आणि चार अक्षरं असतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या तुकड्याचं यमक जुळतं. लहान अभंगात आठ-आठ अक्षरांचे तुकडे असतात. साचा ठरलेला, म्हणून एक चाल आली की तिच्यात शेकडो अभंग बसतात. शाळेची पायरी न चढलेली माणसं रात्रभर अभंग म्हणू शकत, त्याचं हे एक कारण.

आमच्या विदर्भात आणखी एक धारा आहे, खंजिरी भजनाची. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा जन्म १९०९ चा, अमरावती जिल्ह्यातल्या यावलीचा. १९३५ मध्ये त्यांनी मोझरीला गुरुकुंज आश्रम स्थापला. हातात खंजिरी घेऊन ते गावोगाव फिरले. ग्रामसफाई, व्यसनमुक्ती, अस्पृश्यता निवारण हे विषय त्यांनी भजनात आणले. १९४२ च्या आंदोलनात इंग्रज सरकारनं त्यांना तुरुंगात टाकलं, त्यावरून त्या भजनांचा धाक ओळखावा. त्यांची सामुदायिक प्रार्थना आजही विदर्भातल्या खेड्यांमधून होते.

अशी बैठक फक्त आपल्याकडंच असते असं नाही. माझा भाचा काही काळ आयर्लंडमध्ये होता. तिथं ठरलेल्या वारी एखाद्या पबमध्ये वादक गोल करून बसतात. फिडल, बासरी, अ‍ॅकॉर्डियन आणि आपल्या डफासारखं एकतोंडी चर्मवाद्य. व्यासपीठ नाही, तिकीट नाही. एकानं धून उचलली की ज्यांना येते ते साथीला येतात, येत नाही ते ऐकून शिकतात. आपल्याकडं देऊळ, त्यांच्याकडं पब, हा फरक मोठाच, पण चाल कानानं शिकायची ही रीत एकच. ती मोडत चालल्याचं दिसलं तेव्हा तिथल्या लोकांनी १९५१ मध्ये 'कोल्तस' ही संस्था काढली, संगीताचे वर्ग सुरू केले, जुन्या वादकांचं वादन ध्वनिमुद्रित करून ठेवलं.

भाच्यानं हे सांगितलं तेव्हा मी "छान" म्हणून सोडून दिलं. आपल्याकडं गाथा आहे, आपल्याला कसली काळजी, असं मला वाटलं होतं. तुकोबांच्या गाथेत साडेचार हजारांहून अधिक अभंग आहेत. शब्द सुरक्षित आहेत. पण गाथेच्या नेहमीच्या प्रतीत चाल छापलेली नसते. ती माणसाजवळ असते.

मला टाळ देणारे ते बुवा एक गवळण म्हणत. तिची चाल त्यांच्या आजोबांची. ती मी आठ वर्षं ऐकली, ध्रुवपदाला साथ केली. मग एका पावसाळ्यात बुवा गेले. तेरवीनंतरच्या गुरुवारी कुणीतरी म्हणालं, आज बुवांची गवळण होऊ द्या. ध्रुवपद सगळ्यांनी अगदी बरोबर उचललं. पुढं चरण आलं आणि सगळे एकमेकांकडं पाहू लागले. चरण नेहमी बुवाच म्हणायचे. आम्ही कुणी ते कधी म्हटलंच नव्हतं. मृदंग थोडा वेळ एकटाच वाजत राहिला, मग तोही थांबला. त्या आठ वर्षांत माझ्या खिशात मोबाईल होता. एकदाही तो काढून मी बुवांची गवळण मुद्रित केली नाही.

काही दिवसांनी गावातल्या महिला भजनी मंडळातल्या एक आजी म्हणाल्या, "मले येते थे चाल, थोडीशी." लहानपणी आईच्या मांडीवर बसून, सभामंडपाच्या बाहेरून त्यांनी ती ऐकली होती. चरणाची दोन वळणं त्यांनी गुणगुणून दाखवली. तिसरं वळण अजून सापडलेलं नाही. ती दोन वळणं मिळाली याचा आनंद झालाच. पण ज्यांच्या कानात चाल राहिली त्यांच्यापुढं गुरुवारी आम्ही कधी टाळ सरकवले नव्हते, हेही ध्यानात आलं. आता त्या मंडपात आत बसतात.

त्यानंतर आम्ही दोन गोष्टी केल्या. जुन्या चाली मोबाईलवर मुद्रित करून ठेवायला लागलो. आणि दुसरी, माझ्या मते अधिक महत्त्वाची: दर गुरुवारी एक चरण नवख्यानं म्हणायचं असा नेम केला. चुकलं तरी हसायचं नाही. सध्या नववीतली दोन मुलं येतात. त्यातला एक गाताना डोळे घट्ट मिटून घेतो आणि दर वेळी समेच्या आधीच पोचतो. मृदंगवाले काका त्याला सांभाळून घेतात.

भजनस्पर्धा, मोठे ध्वनिक्षेपक, एकसारखे झब्बे यांना माझा विरोध नाही. पण स्पर्धेत ज्याला येतं तोच गातो. ज्याला येत नाही त्याला जागा देणारं ठिकाण म्हणजे आठवड्याचं भजन. ते बंद पडलं तर शिकायचं कुठं?

तुमच्याही गावात, वस्तीत असं भजन होत असेल. एकदा ऐकायला म्हणून जा. कुणी टाळ पुढं केले तर नाही म्हणू नका. आणि नुसत्या ध्रुवपदावर समाधान मानू नका, एखादं चरणही शिकून घ्या.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)