एबीएसचा पिवळा दिवा विझतच नाहीये? मॉड्यूल बदलायच्या आधी हे वाचा

पावसाळ्यातली सकाळ. गाडीला चावी लावली की डॅशबोर्डवर एका गोलात ‘एबीएस’ लिहिलेला पिवळा दिवा लागतो. तसा तो रोजच लागतो आणि दोन-तीन सेकंदांत विझतो, कारण तेवढ्या वेळात गाडीचा कॉम्प्युटर ही यंत्रणा तपासून घेत असतो. पण आज तो विझत नाही. गाडी चालतेय, ब्रेक लागतोय, फक्त दिवा तेवढा डोळ्यांसमोर.

यावर लोक साधारण दोन गोष्टी करतात. काही जण ‘ब्रेक तर लागतोय ना’ म्हणत महिनोन्‌महिने तशीच गाडी फिरवतात. बाकीचे गॅरेज गाठतात, ‘मॉड्यूल गेलंय’ असं ऐकतात आणि बिलाचा आकडा बघून घाम पुसतात. दोन्हींत गडबड आहे.

आधी एबीएस नेमकं करतं काय ते बघू. ओल्या रस्त्यावर करकचून ब्रेक दाबला की चाक जाम होतं. जाम झालेलं चाक फिरत नाही, नुसतं घसरतं. अशा वेळी स्टेअरिंग कितीही वळवा, गाडी सरळच जाते. एबीएस अशा चाकाचा ब्रेक सेकंदाला अनेक वेळा सोडतं आणि पुन्हा धरतं. त्यामुळे ब्रेक मारतानाही गाडी वळवता येते. तेव्हा पायाखाली पेडल थरथरतं, घरघर आवाज येतो. ब्रेक बिघडला असं वाटून बरेच जण नेमका त्याच वेळी पाय उचलतात. उचलू नका, दाबून ठेवा.

बॉश कंपनीचं इलेक्ट्रॉनिक एबीएस १९७८ साली मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आलं. तेव्हा ती श्रीमंतांची चैन होती. भारतात एप्रिल २०१९ पासून सगळ्या नव्या कारमध्ये एबीएस सक्तीचं आहे.

आता दिव्याकडे येऊ. दिवा लागून राहिला याचा अर्थ ब्रेक गेले असा नाही. कॉम्प्युटरला कुठल्या तरी सिग्नलवर भरवसा राहिलेला नाही, म्हणून त्याने एबीएस बंद करून ठेवलंय. साधा ब्रेक चालू असतो. पण पावसात घाट उतरताना समोर अचानक एसटी थांबली, तर चाकं जाम व्हायची ती होणारच. पुढच्या-मागच्या चाकांना ब्रेकचा जोर वाटून देणारं ईबीडीही काही बिघाडांत बंद पडतं. मग मागची चाकं आधी जाम होऊन गाडी गर्रकन फिरू शकते. म्हणून दुरुस्ती होईपर्यंत वेग कमी, पुढच्या गाडीपासून अंतर दुप्पट. चाकं जाम झालीच तर पेडल क्षणभर सोडून पुन्हा दाबायचं.

पिवळ्यासोबत ब्रेकचा लाल दिवाही लागला असेल आणि हँडब्रेक पूर्ण खाली असेल, तर मात्र गाडी बाजूला घ्या. ब्रेक ऑइल कमी झालेलं असू शकतं. आणि ते नुसतं वरून भरून मोकळं होऊ नका. ऑइल कमी होतं याचा अर्थ एक तर पॅड झिजलेत, नाहीतर कुठेतरी गळती आहे.

फक्त पिवळा दिवा असेल, तर पहिला संशयित मॉड्यूल नसतो. चाकाजवळचा सेन्सर किंवा त्याची वायर असते. प्रत्येक चाकापाशी एक छोटा सेन्सर असतो. चाकासोबत फिरणाऱ्या दातेरी रिंगवरून किंवा बेअरिंगमधल्या चुंबकी पट्टीवरून तो चाकाचा वेग मोजतो. आता ही जागा बघा कुठे आहे: चिखल, पाणी, ब्रेकची धूळ, खड्डे, सगळं तिथेच. सेन्सरच्या टोकाला लोखंडाचा कीस चिकटतो. स्टेअरिंगसोबत पुढची चाकं वळतात, तशी वायरही वाकत राहते आणि कधीतरी आतून तुटते. उंदीर वायरी कुरतडतात ते वेगळंच. कमी वेगात, गाडी अगदी थांबता थांबता विनाकारण पेडल थरथरत असेल, तर गंजलेली किंवा तडा गेलेली रिंग हे एक नेहमीचं कारण.

मग कुठल्या चाकाचा दोष आहे हे कसं कळणार? स्कॅनर लावून. इथे एक मेख आहे. ऑनलाइन मिळणारे स्वस्त स्कॅनर बहुतेक वेळा फक्त इंजिनाचे कोड वाचतात. एबीएसचे कोड वाचणाराच स्कॅनर लागतो, हे गॅरेजमध्ये आधीच विचारून घ्या.

समजा कोड आला सी००३५. म्हणजे पुढच्या डाव्या चाकाच्या सेन्सरचं सर्किट. ‘सर्किट’ हा शब्द महत्त्वाचा. कोड सेन्सर खराब आहे असं सांगत नाही, त्या वाटेवर काहीतरी चुकतंय एवढंच सांगतो. सेन्सर, वायर, कनेक्टर, रिंग, यांपैकी काहीही. कोड बघून थेट नवा सेन्सर बसवला आणि दिवा पुन्हा लागला, असं होतं ते यामुळेच.

चांगला मेकॅनिक पुढे लाइव्ह डेटा बघतो. गाडी २० किमीच्या वेगाने सरळ चालवायची आणि स्क्रीनवर चारही चाकांचे आकडे बघायचे. तीन चाकं २० दाखवतायत आणि एक शून्य, किंवा आकडा उड्या मारतोय, तर तेच चाक खोलायचं. सेन्सरचं टोक पुसायचं, कनेक्टरमध्ये पाणी-गंज आहे का बघायचं, वायर हलवून आकडा बदलतो का ते तपासायचं. बऱ्याचदा काम इथेच संपतं.

नुकतंच बेअरिंग बदललं आणि लगेच दिवा लागला? मग ते उलटं बसलंय का ते बघायला सांगा. चुंबकी पट्टी बेअरिंगच्या एकाच बाजूला असते. ती बाजू चुकली की सेन्सरला काही दिसतच नाही. तसंच एकाच चाकाला वेगळ्या साइझचा टायर असेल तर त्याचा वेग इतरांशी जुळत नाही. अशक्त बॅटरी आणि उडालेला फ्यूज या तर पाच मिनिटांत तपासून होणाऱ्या गोष्टी.

मॉड्यूल कधीच जात नाही असं नाही. आतल्या पंपाच्या मोटरचा किंवा व्हॉल्व्हचा कोड येत असेल, फ्यूज आणि वायरिंग ठीक असेल, तर संशय तिकडे जातो. पण तो शेवटचा मुक्काम. तिथे पोहोचायच्या आधी मेकॅनिककडे दोन गोष्टी मागा: कोड नेमका काय आला, आणि वायरिंग तपासली का. पहिल्याचं उत्तर न देता कुणी थेट मॉड्यूलचा भाव सांगत असेल, तर दुसरं गॅरेज बघा.

कोड नुसता पुसून दिला तर दिवा विझेल आणि दोष तसाच असेल तर परत लागेल. खऱ्या दुरुस्तीनंतरही काही गाड्यांत दिवा लगेच जात नाही. गाडी थोडी चालवून कॉम्प्युटरला चारही चाकांचा वेग दिसावा लागतो.

आणि जुनी गाडी घेत असाल तर चावी फिरवल्यावर हा दिवा क्षणभर लागतो का, हे जरूर बघा. एबीएस असलेल्या गाडीत तो लागलाच नाही, तर कुणीतरी बल्ब काढलाय किंवा वर पट्टी चिकटवलीय, अशी दाट शक्यता आहे.