कुलपाला मुदत हवी

फुकटात गेम उतरवून घेणाऱ्यांना अडवण्यासाठी कंपन्या गेमला जे डिजिटल कुलूप लावतात, त्याचा जाच बहुतेकदा पैसे मोजणाऱ्यालाच होतो. २००८ मध्ये आलेल्या ‘स्पोर’ची विकत घेतलेली प्रत सुरुवातीला तीनच संगणकांवर चालू करता येई. चिडलेल्या ग्राहकांनी ॲमेझॉनवर एकेक तारा देऊन निषेध नोंदवला. टॉरेंटवर मात्र क्रॅक केलेली प्रत विक्री सुरू होण्याआधीच फिरत होती. ‘असॅसिन्स क्रीड २’ हा एकट्याने खेळायचा गेम, तरी २०१० मध्ये संगणकावर तो खेळताना इंटरनेट सतत जोडलेले असण्याची सक्ती युबिसॉफ्टने केली. मग कंपनीच्या सर्व्हरवर हल्ला झाला आणि रीतसर गेम घेतलेले लोक ताटकळत बसले. २०२१ च्या ‘रेसिडेंट ईव्हिल व्हिलेज’मध्ये तर कुलपाच्या तपासणीपायी गेम अडखळत होता. क्रॅक केलेली प्रत अधिक सुरळीत चालते हे उघड झाल्यावर कॅपकॉमला दुरुस्ती द्यावी लागली. प्रामाणिक गिऱ्हाइकाच्या पदरी चोरापेक्षा निकृष्ट माल पडावा, हा उघड अन्याय आहे.

म्हणून कुलूपच नको, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. पोलंडच्या सीडी प्रोजेक्टचा दाखला ते हमखास देतात: ‘द विचर ३’ २०१५ मध्ये त्यांच्या गॉग या दुकानात पहिल्या दिवसापासून कुलपाविना मिळत होता, आणि एकूण ५ कोटींहून अधिक प्रती खपल्या. पण एका गाजलेल्या गेमवरून नियम काढता येत नाही. विल्यम व्होल्कमन या अमेरिकी संशोधकाने डेनुव्हो हे मजबूत समजले जाणारे कुलूप लावलेल्या ८६ गेमांचा अभ्यास २०२४ मध्ये मांडला. विक्रीचे खरे आकडे कंपन्या उघड करत नाहीत, म्हणून ग्राहकांचे अभिप्राय आणि खेळणाऱ्यांची संख्या यांवरून त्याने अंदाज बांधला. कुलूप अगदी सुरुवातीलाच फुटले, तर एकूण उत्पन्न सरासरी २० टक्क्यांनी घटते. ज्या गेमवर शेकडो माणसांनी वर्षानुवर्षे राबून काम केले, त्याच्यासाठी हा फटका जीवघेणा ठरू शकतो. फुकट डाउनलोडने कोणाचे काही जात नाही, हे म्हणणे इथे टिकत नाही. मात्र त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते: साधारण १२ आठवड्यांनंतर कुलूप फुटले, तर नुकसान जवळजवळ शून्य.

म्हणजे कुलपाचे काम तीन महिन्यांचे, पण ते राहते कायमचे. त्याची किंमत पुढे अनेक वर्षे मोजावी लागते. २०१५ मध्ये विंडोज १० ने सुरक्षेच्या कारणास्तव सेफडिस्क या जुन्या संरक्षणाला आधार देणे थांबवले, आणि लोकांच्या कपाटातल्या अस्सल सीडी नव्या संगणकावर चालेनाशा झाल्या. अमेरिकेत २०१० पूर्वी प्रसिद्ध झालेल्या गेमांपैकी ८७ टक्के बाजारात मिळत नाहीत, असे व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये दाखवून दिले. त्याची कारणे अनेक आहेत. पण कंपनी बुडाली आणि कुलूप तपासणारा सर्व्हर बंद पडला, की विकत घेतलेला गेमही त्याच वाटेने जातो.

म्हणून कुलूप ठरावीक मुदतीनंतर काढून टाकावे, आणि ती मुदत कंपनीने विक्रीच्या वेळीच जाहीर करावी. कुलूप निघणार हे आधीच कळले तर लोक थांबून राहतील, असा आक्षेप येईल. थांबणारे आजही थांबतातच, सवलतीच्या सेलसाठी. पहिल्या आठवड्यात पूर्ण किंमत देणाऱ्याला गेम तेव्हाच हवा असतो. शिवाय कुलूप काढले म्हणजे गेम फुकट झाला असे नव्हे; तो विकतच घ्यायचा, कॉपीराइट तसाच राहतो. भारतात २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ६५अ नुसार हक्कभंगाच्या हेतूने असे संरक्षण तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि अँटिव्हायरस बंद करायला लावणाऱ्या क्रॅक फायलींतून संगणकात काय शिरते याचा भरवसा नसतो. राहिला प्रश्न व्यवहार्यतेचा. मे २०१६ मध्ये आलेल्या ‘डूम’मधून डेनुव्हो त्याच डिसेंबरात एका अपडेटने काढून टाकले गेले. विक्रीच्या पानावर किमान कोणता संगणक लागेल हे लिहिलेले असतेच; त्याच्याच खाली कुलूप निघण्याची तारीख छापायला कंपन्यांना काहीच अडचण नाही.