मीलवर्म वाढवणं सोपं, ग्राहक मोजणं अवघड

ट्रे कसा लावायचा ते व्हिडिओत पाहिलंत. आता हिशोबाचं बोलू.

पाळीव सरड्यांचा खाऊ म्हणजे मीलवर्म अळी. घरी वाढवायला लागतं काय? पसरट प्लास्टिक ट्रे, दोन-तीन बोटं गव्हाचा कोंडा आणि ओलाव्यासाठी गाजराचे काप. पाणी ओतायचं नाही, बुरशी धरते. 25 ते 30 अंशांत अळी छान वाढते. आपल्या मालेगावात मे महिन्यात पत्र्याखाली काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको! थंड खोलीच निवडा. आणि हो, ही धान्याचीही कीड आहे. कोठीजवळ ट्रे अजिबात नको.

आता वेळ बघा. भुंगेऱ्यांनी घातलेली अंडी एक-दोन आठवड्यांत फुटतात. अळी मोठी व्हायला आणखी दोन-तीन महिने. म्हणजे पहिल्या विक्रीपर्यंत साधारण तीन महिने पैसा अडकणार. हे तुमचं खेळतं भांडवल, ते आधीच बाजूला काढा. भुंगेरे स्वतःचीच अंडी आणि कोष खातात, म्हणून प्रत्येक अवस्थेचा ट्रे वेगळा ठेवा.

पण खरा प्रश्न वेगळाच आहे. घेणार कोण?

ज्याच्याकडे इग्वाना आहे, तो तुमचा ग्राहक नाही. इग्वाना पाला खातो. घोरपड आणि स्टार कासव वन्यजीव कायद्याच्या अनुसूची 1 मध्ये आहेत, घरात ठेवणं गुन्हा. त्या वाटेला जायचंच नाही. काही विदेशी प्राण्यांची 2024 च्या नियमांप्रमाणे परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते, तीही ग्राहकाला विचारा. उरला बिअर्डेड ड्रॅगनसारखा सरडा. तो अळी आवडीने खातो, पण आपल्या गावात असे किती सापडतील?

म्हणून फक्त सरड्यांवर धंदा उभा करू नका. अरोवाना मासा आणि काही पाळीव पक्षीसुद्धा हीच अळी खातात. वाशीम आणि अकोल्याची मत्स्यालयाची, पक्ष्यांची दुकानं फिरा. तीनच प्रश्न विचारा: आठवड्याला किती लागते? कोणत्या आकाराची? सध्या कुठून येते?

विकताना एक गोष्ट सांगायला विसरू नका. या अळीत कॅल्शियम कमी असतं, म्हणून सरड्याला देताना वरून कॅल्शियम पावडर भुरभुरायची. प्राणी ठणठणीत राहिला, तरच ग्राहक परत येतो.

या आठवड्याचं काम: आधी पाच दुकानं, मग एक ट्रे. वहीत पाच उत्तरं नसतील, तर कोंडा आणू नका.