जुन्या जीपचा ट्रेलर आणि बैलगाडीची उलाळ

जीप म्हातारी झाली की आधी थकते ते इंजिन, नाहीतर गिअरबॉक्स. मागची पत्र्याची बॉडी, पाटे आणि चाके पुष्कळदा धडधाकट असतात. अमेरिकेतील हौशी मंडळी अशा जीपचा मागचा भाग कापून घेतात, त्याला पुढे त्रिकोणी लोखंडी दांडी जोडतात, वर झाकण किंवा तंबू बसवतात आणि रानात मुक्कामाला नेण्याजोगा लहानसा ट्रेलर तयार करतात.

या कल्पनेचे मूळ जीपइतकेच जुने आहे. १९४० साली अमेरिकी सैन्यासाठी जीपचा पहिला नमुना बॅण्टम नावाच्या छोट्या कंपनीने बनवला. पण मोठ्या संख्येने जीप पुरवण्याचे काम विलीज आणि फोर्ड यांना मिळाले. बॅण्टमच्या वाट्याला आले ते जीपमागे जोडायचे पाव टनी ट्रेलर! या ट्रेलरची चाके आणि टायर जीपचेच होते. एकच स्टेपनी दोघांना चालत असे. दोन्हींच्या चाकांमधले अंतर सारखे असले, की चिखलात ट्रेलरची चाके जीपने पाडलेल्या चाकोरीतूनच जातात. जीपच्याच बॉडीचा ट्रेलर करण्यात हा फायदा आपोआप मिळतो.

आता कापाकापीकडे वळू. बुटांचे पुठ्ठ्याचे खोके घ्या, झाकण काढा आणि दोन हातांनी पिळून पाहा. मग त्याची एक आखूड बाजू कापून टाका आणि पुन्हा पिळा. दुसऱ्या वेळी खोके सहज मुरडते. जीपची बॉडी पुढच्या सीटमागे कापली की तिचेही असेच होते. म्हणून कापलेल्या तोंडाशी नवी आडवी भिंत वेल्डिंगने बसवावी लागते. शिवाय जीपचे वजन पत्रा पेलत नाही, खालची चौकट पेलते. तेव्हा दांडी बॉडीला नव्हे, चौकटीलाच जोडली पाहिजे.

मागचा आस तसाच ठेवायचा असेल, तर एक प्रश्न आधी विचारावा. चाक कशावर बसले आहे? काही जीपमध्ये ते बाहेरच्या नळीवर फिरते. तिथे आतले दांडे काढून टाकता येतात. काहींत मात्र चाक त्या दांड्यावरच बसलेले असते. तिथे दांडा काढला तर चाकही निघेल! अशा आसातील दंतचक्रे ट्रेलरमागे विनाकारण फिरत राहतात, म्हणून त्यांत तेल ठेवावे लागते.

पण खरी अडचण कापण्यात नाही, वजन कुठे ठेवायचे यात आहे. आपल्या शेतकऱ्याला ती चांगली ठाऊक आहे. बैलगाडीत माल मागे जास्त झाला की जू वर उचलले जाते. गाडी उलाळ झाली, असे आपण म्हणतो. पुढे जास्त झाला तर जू बैलांच्या मानेवर दाबते. दोन चाकांचा ट्रेलर म्हणजे हीच तरफ. आस हा टेकू, आणि बैलांच्या मानेच्या जागी गाडीचा हूक.

समजा, भरलेल्या ट्रेलरचे वजन ४०० किलो आहे, हुकापासून आस २०० सेंटिमीटर मागे आहे आणि गुरुत्वमध्य आसाच्या २४ सेंटिमीटर पुढे आहे. मग हुकावर पडणारा भार ४०० गुणिले २४ भागिले २००, म्हणजे ४८ किलो. एकूण वजनाच्या १२ टक्के. हा भार १० ते १५ टक्के असावा, असा व्यवहारातला संकेत आहे. आता आसाच्या ६० सेंटिमीटर पुढे ठेवलेले २० लिटर पाण्याचे दोन कॅन उचलून आसाच्या ८० सेंटिमीटर मागे ठेवू. हुकावरचा भार ४० गुणिले १४० भागिले २००, म्हणजे २८ किलोंनी घटेल. उरले २० किलो, फक्त ५ टक्के. ट्रेलरचे एकूण वजन एका ग्रॅमनेही बदललेले नाही!

बैलगाडी सावकाश चालते, तिथे उलाळ झाली तर बैलांचे हाल होतात. रस्त्यावर ताशी ७० किलोमीटर वेगाने जाताना ती जिवावर बेतते. ट्रेलर जरा वाकडा झाला की त्याचे टायर तिरके घासतात आणि रस्ता त्यांना सरळ रेषेकडे ढकलतो. ट्रेलर मात्र मधोमध थांबत नाही, झोपाळ्यासारखा पलीकडे जातो. हे झोके विझवण्याचे कामही टायरच करतात, पण वेग वाढतो तशी त्यांची ही ताकद कमी होत जाते. त्यात वजन मागे असेल, तर शेपूटच गाडीला हलवू लागते. हूक वर ओढला गेल्याने गाडीच्या मागच्या चाकांची पकडही सैल होते. अशा वेळी स्टिअरिंग सरळ धरून ॲक्सिलरेटर सोडावा. करकचून ब्रेक दाबू नये.

वर्गात हे दाखवायला खेळण्यातली मोटार, पुठ्ठ्याची दोन चाकी गाडी, तिला तारेची दांडी आणि एक लांब उतरती फळी पुरे. दांडी हुकाशी डावी-उजवीकडे मोकळी फिरली पाहिजे. नाणी आधी पुढे, मग मागे चिकटवा आणि दर खेपेला उतारावर बोटाने हलकी टिचकी मारा. वजनकाट्याचे टोक दांडीखाली ठेवून विद्यार्थ्यांना वरचे गणितही पडताळता येईल.

बऱ्याच जीपना स्टेपनी मागे टांगलेली असते. जीपला ते चालते, ट्रेलरला नाही. स्टेपनी दांडीवर आणावी. मागच्या फळीवर चूल-भांड्यांची पेटी बसवण्याचा मोहही असाच बेताने आवरावा.

झोपण्याचे काय? मागच्या तुकड्यात माणूस लांब पाय करून मावत नाही, म्हणून उलगडणारी फळी व तंबू लागतो. रात्री पत्रा लवकर गार होतो आणि श्वासातल्या वाफेचे थेंब त्याच्या आतल्या बाजूला जमतात. त्यासाठी खाली-वर झरोके ठेवावेत. आत शेगडी वा कोळसा पेटवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि झोपेत तो कळत नाही.

भारतात कोणी हे करू पाहील, तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार ट्रेलर हेही वाहनच आहे आणि त्याची नोंदणी लागते. वाहनाच्या मूळ रचनेत मनाप्रमाणे फेरफार करण्यासही तोच कायदा मनाई करतो. आधी परिवहन कार्यालय, मग कटर, हा क्रम बरा.

पाण्याची टाकी कुठे बसवावी, हे आता वाचकांच्या लक्षात आले असेल. नेमकी आसाच्या वर. मुक्कामात पाणी संपत जाते, ट्रेलर हलका होतो, पण टाकीचे वजन टेकूवरच असल्याने हुकावरचा भार निघताना होता तेवढाच राहतो.