नीरेची माडी होताना

दापोली तालुक्यातलं मुरुड म्हणजे महर्षी कर्व्यांचं गाव, नारळी-पोफळीच्या वाड्यांचं. माडाची पोय छेदली की गोड नीरा ठिबकते आणि गार जागी ठेवली नाही, तर काही तासांत आंबून तिची माडी होते.

नीरेतली साखर फोडून यीस्ट ऊर्जा मिळवतं. फोडताना सुटणारा हायड्रोजन एनएडी नावाचा सहविकर उचलतो. ग्लुकोजच्या एका रेणूमागे एनएडीचे दोन रेणू भरतात, आणि पेशीत एनएडी असतं मोजकंच. दाभोळची फेरीबोट पलीकडे जाऊन रिकामी झाली नाही, तर अलीकडची रांग हलणार कशी? म्हणून यीस्ट तो हायड्रोजन अ‍ॅसिटाल्डिहाइडवर उतरवतं. या क्षपणातून अल्कोहोल तयार होतं आणि एनएडी मोकळं होतं. यीस्टला गरज असते ती मोकळ्या एनएडीची. अल्कोहोल त्याच्या दृष्टीने टाकाऊच! जीवरसायनशास्त्रातली इतकी देखणी सोय मला दुसरी दिसत नाही.

1906 मध्ये लंडनला हार्डन आणि यंग यांनी यीस्टचा रस अतिसूक्ष्म गाळणीतून गाळला. वर राहिलेला भाग एकटा साखर आंबवेना, खाली उतरलेलं पाणीही आंबवेना. दोन्ही एकत्र करताच काम सुरू झालं. ते पाणी उकळून घेतलं तरी चाले. सहविकराची ओळख पटली ती इथे. हार्डन यांना 1929 चं नोबेल मिळालं, ऑयलर-केल्पिन यांच्यासोबत.

औषधनिर्मितीत गरज नेमकी उलटी असते. तिथे क्षपणातून मिळणारा पदार्थच हवा असतो. कोलेस्टेरॉलवरच्या अटॉर्व्हास्टॅटिनचा एक महत्त्वाचा टप्पा विकराने क्षपण करून साधतात. त्याला लागणारा सहविकर, एनएडीपीएच, इतका महाग की प्रत्येक रेणूमागे नवा वापरणं परवडणारच नाही. मग त्याच भांड्यात ग्लुकोज आणि ते वापरणारं दुसरं विकर घालतात. ग्लुकोज हायड्रोजन देतं, वापरलेला सहविकर पुन्हा भरतो. थोडासा सहविकर असा पुन्हापुन्हा राबतो आणि महागडं काम स्वस्त साखरेवर निभावतं. या प्रक्रियेसाठी कोडेक्सिस कंपनीला 2006 मध्ये अमेरिकेचा हरित रसायन पुरस्कार मिळाला.

पेशीत मात्र ऑक्सिजन असेल, तर एनएडीवरचा हायड्रोजन ती एका साखळीतून ऑक्सिजनवर उतरवते. त्या साखळीतला एक दुवा सायटोक्रोम-सी. तो वनस्पतींतही असतो, हे केंब्रिजमध्ये दाखवून 1939 मध्ये पीएचडी मिळवणाऱ्या कमला सोहोनी यांनी पुढे मुंबईत नीरेच्या पोषणमूल्यावर संशोधन केलं. कोकणातल्या शिक्षकांनो, किण्वन शिकवताना नीरेचं उदाहरण घ्या, आणि कमलाबाईंचं नाव जरूर सांगा.